जागच्या जागी

माणसाला एखादा शब्द चिकटला की तो सुटता सुटत नाही. फाइलकाकांना "जागच्या जागी" हा शब्द असाच चिकटला होता. काही विचारा. काका, यंत्र चालू झालं का? जागच्या जागी. काका, कालचे रिपोर्ट मिळतील का? सगळं जागच्या जागी आहे, या घेऊन. वीस खाटांचं ते रुग्णालय, त्यात जिन्याखालची एक खोली, खोलीत एक जुना संगणक आणि त्याच्यापुढे चोवीस वर्षं बसलेले काका. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणाच्या तोंडी येत नसे.

माणूस कामाचा, त्यात वाद नाही. आधी टायपिंग करायचा, मग स्वतःच्या हिमतीवर संगणक शिकला. कपाटं भरभरून कागद होते, ते यानेच एकेक करून संगणकात घातले आणि रद्दीत काढले. "कागद कशाला हवेत? वाळवी लागते," असं तो डॉक्टरांना ऐटीत सांगायचा. पण शहाण्या माणसाची एक खोड असते, त्याला वाटतं की आपण एकदा नीट लावलं म्हणजे ते कायमचं लागलं.

कुणाला कुठलं औषध सोसत नाही, याच्या चिठ्ठ्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. अशा प्रत्येक पेशंटची एक छोटी फाइल. फाइलला नाव पेशंटच्या नंबराचं, आत एकच ओळ: औषध कुठलं आणि काय होतं. आत पेशंटचं नाव नाही की गाव नाही. मोठ्या सिस्टरनी, म्हणजे सगळ्या नर्सांवरच्या नर्सबाईंनी, एकदा विचारलंही होतं, "काका, आत नाव का नाही घालत?"

"अहो सिस्टर, नंबर फाइलवर आहेच की! डब्यावर 'साखर' लिहिलं की आत परत चिठ्ठी टाकता का?"

सिस्टर हसल्या होत्या आणि विषय तिथेच संपला होता.

आता ऐका रविवारचं. दुपारी वीज गेली ती नेमकी काका काहीतरी साठवत असताना. वीज आल्यावर यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर ओळी धावायला लागल्या. डिस्क तपासावी लागेल, म्हणालं. तपासा बाबा. तपासताना म्हणालं, काही तुकडे बेवारस सापडलेत, ते वेगळ्या फाइलींत ठेवू का? काकांनी 'हो' दाबलं. दोन फाइली एकाच जागेवर बोट दाखवताहेत, दुरुस्त करू का? कर की, विचारतोस काय! पुन्हा 'हो'. असं तीन-चारदा झालं. सगळं झाल्यावर त्यांनी खात्रीसाठी तपासणी आणखी एकदा चालवली. या वेळी पडद्यावर एकच ओळ आली, की कुठलीही चूक आढळली नाही. काका खूश. त्या खुशीत त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. कपाटात जपलेल्या दुसऱ्या डिस्कवरची जुनी नक्कल पुसून तिच्यावर या दुरुस्त डिस्कची ताजी नक्कल चढवली. निर्दोष माल जपून ठेवावा, नाही का?

सोमवारी सकाळी त्यांनी मोठ्या सिस्टरना सांगितलं, "तपासलं. सगळं जागच्या जागी."

आणि बुधवारी अकरा वाजता त्यांच्या वहिनींचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं.

वहिनी म्हणजे काकांना काय होत्या, हे एका वाक्यात सांगायचं तर त्या घरात आल्या तेव्हा काका नऊ वर्षांचे होते आणि आई नुकतीच गेली होती. पाढे वहिनींनी पाठ करून घेतले, तापात उशाशी त्याच बसल्या, टायपिंगच्या क्लासला पाठवायला दादाशी भांडल्या त्याही त्याच. दादा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून त्या काकांकडेच राहत होत्या आणि सत्तरीत पोचल्या तरी काकांना "भावजी, जेवलात का?" विचारल्याशिवाय ताटावर बसत नव्हत्या.

अकरा वर्षांपूर्वी याच रुग्णालयात त्यांना एक इंजेक्शन दिलं होतं. सुई काढली न काढली तोच त्यांचे ओठ सुजले, घसा आवळला, चेहरा काळानिळा पडला. जुने डॉक्टर होते म्हणून वाचल्या. नंतर डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे औषध पुन्हा टोचलं ना, तर बाई जागच्या जागी जाईल. लिहून ठेव." काकांनी लिहून ठेवलं. वहिनींना म्हणाले, "तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? फाइलमध्ये आहे."

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला काका वरच्या वॉर्डात गेले. वहिनी हिरवा गाऊन घालून खाटेवर बसल्या होत्या. बांगड्या काढून रुमालात बांधलेल्या, हात उघडे, आणि त्या उघड्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"भावजी, माझी पाचावर धारण बसलीय हो."

"दगड काढायचेत वहिनी, डोंगर नाही. तासाभराचं काम."

"ते तुम्ही सांगा. तुमच्या पोटातले नाहीत ना." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ऐका. मघाशी सिस्टरनी मला विचारलं, कुठलं औषध सोसत नाही. मी म्हटलं, नाव फाइलमध्ये आहे. तर त्यांनी कागद बघून वाचलं, सल्फा."

"बरं, मग?"

"ते नव्हतं हो ते. ते नाव चांगलं लांबलचक होतं. त्यात ट्रॅक्टर होता."

काका खो खो हसले. "ट्रॅक्टर? वहिनी, इंजेक्शनात ट्रॅक्टर?"

"हसा! मला बाई तसंच ऐकू आलं होतं. ट्रॅक्टर होता त्यात."

"अकरा वर्षं झाली, तुम्हाला परवाचं आठवत नाही. मी स्वतः तपासलंय रविवारी. दोनदा. सगळं जागच्या जागी आहे. निवांत राहा."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही तपासलंय म्हणता, मग झालं," असं म्हणून त्या आडव्या झाल्या. त्या विश्वासाने आडव्या झाल्या, हेच पुढे काकांना दिवसभर टोचत राहिलं.

खाली येऊन काकांनी दोन रिपोर्ट छापले, एकाला रांगेत उभं केलं, चहा प्यायले. पण मन थाऱ्यावर येईना. ट्रॅक्टर. नाव लांबलचक. आणि मग त्यांना आपलं बोट आठवलं. अकरा वर्षांपूर्वी हेच बोट एकेक अक्षर शोधत होतं, आणि जुन्या डॉक्टरांना तीनदा विचारावं लागलं होतं, पुन्हा सांगा, जोडाक्षर कुठे येतं? सल्फा लिहायला कोण तीनदा विचारतं?

त्यांनी वहिनींची फाइल उघडली. चारशे सतरा. आत लिहिलं होतं: *सल्फा. अंगावर पुरळ, खाजज.*

पुरळ? वहिनींना कुठे पुरळ आलं होतं?

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून तेवीस मिनिटं झाली होती.

काकांनी पहिली गोष्ट काय केली असेल? डिस्क पुन्हा तपासायला लावली. सवय! आजाऱ्याने वैद्याला विचारावं तसं त्यांनी यंत्रालाच विचारलं. यंत्राने आपलं काम इमानेइतबारे केलं, सात मिनिटं खाल्ली आणि तेच उत्तर दिलं. कुठलीही चूक आढळली नाही. काकांना वाटलं, चला, मीच चुकत असेन. पण 'खाजज' डोळ्यांपुढून हलेना. दोन ज. त्यांनी सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायला सांगितला. दोन ठिकाणी सापडला, चारशे सतरा आणि चारशे तेवीस. दोन्हीकडे तीच ओळ, तोच जास्तीचा ज. माणूस चूक दोनदा करेल, पण तीच चूक तशीच्या तशी दोन वेगळ्या फाइलींत करत नाही.

म्हणजे एका फाइलीतली ओळ जशीच्या तशी दुसरीत गेली होती.

आता त्यांना रविवारचा प्रश्न आठवला. दोन फाइली एकाच जागेवर बोट दाखवताहेत. समजा लॉजवर मॅनेजर तपासणीला निघाला. फळ्यावर किल्ल्या किती, खोल्या किती, वहीत नोंदी किती, एवढंच तो जुळवतो. दोन पाहुण्यांच्या नावापुढे एकच खोली दिसली, तर तो त्या खोलीतल्या सामानाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या खोलीत मांडतो आणि म्हणतो, घ्या, आता भांडण नको. दुसऱ्या पाहुण्याचं स्वतःचं सामान कुठे गेलं, हे तो विचारत नाही. दार उघडून आत कोण झोपलंय, हे तर तो बघतच नाही. ते त्याचं कामच नाही. हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं आणि त्यांनी ते वाचलंही होतं. पण "चूक आढळली नाही" हे वाक्य इतकं गोड असतं की त्यापुढे पुस्तक कोण आठवतो!

सामान. बेवारस तुकडे. ते तुकडे यंत्राने ज्या फोल्डरमध्ये ठेवले होते तो काकांनी उघडला. आत चार फाइली होत्या. नाव नाही, नंबर नाही, नुसते एक, दोन, तीन, चार.

पहिलीत चौकोन चौकोन, काहीच वाचता येईना. दुसरीत: *आयोडीन. चक्कर, दम.* तिसरीत:

*सेफ्ट्रायॅक्सोन. घसा बंद, ओठ निळे. पुन्हा अजिबात द्यायचं नाही.*

सेफ्-ट्रायॅक्-सोन. ट्रॅक्टर. अरे देवा, खरंच होता की ट्रॅक्टर!

आणि इथे काकांनी जे केलं ते त्यांनी नंतर कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. त्यांनी ती ओळ उचलली, चारशे सतरामध्ये आणून ठेवली, सल्फा पुसलं, फाइल साठवली आणि हुश्श करून खुर्चीला पाठ टेकवली. जीव भांड्यात पडला. फाइल बरोबर झाली म्हणजे वहिनी वाचल्या, असं त्यांना खरोखर वाटलं. चोवीस वर्षं पडद्यासमोर बसलेल्या माणसाला वाटतं तसं.

मग त्यांची नजर छपाईयंत्रावर गेली. सोमवारी त्यांनीच छापून वर पाठवलेला कागद. त्या कागदावर अजून सल्फाच होतं. आणि तो कागद ऑपरेशनच्या खोलीत होता.

दहा पन्नास.

त्यांनी फोन उचलून वरचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. ऑपरेशनच्या तयारीत तो फोन कुणी घेत नाही, हे सगळ्या रुग्णालयाला माहीत होतं. फोन टाकून काका बाहेर पडले. लिफ्टमध्ये एक स्ट्रेचर अडकून होतं आणि दोघेजण ते सरळ करत होते. काका जिन्याला लागले. छप्पन्न वर्षांचे गुडघे, त्यात उजवा दुखरा. पहिल्या मजल्यावर श्वास संपला. कठड्याला धरून ते ओढत ओढत वर गेले आणि मनात एकच घोकत राहिले, सेफ्ट्रा, सेफ्ट्राय, सेफ... पायरी चुकली, गुडघा आपटला, आणि नाव डोक्यातून गळून पडलं. आख्खं नाव! दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना फक्त जुन्या डॉक्टरांचा आवाज ऐकू येत होता. बाई जागच्या जागी जाईल. जागच्या जागी. अहो, आयुष्यभर हाच शब्द मिरवला होता त्यांनी!

दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पादत्राणे बाहेर काढा. काका चपलांसकट आत घुसले.

"काका! चपला!" मोठ्या सिस्टर ओरडल्या. त्यांच्या हातात छोटी काचेची बाटली होती. तिच्यातली पांढरी पूड पाण्यात विरघळवण्यासाठी त्या ती दोन बोटांत धरून हलवत होत्या. मागे दिव्याखाली वहिनी. डोक्याला टोपी, हाताला सलाइन, डोळे छताकडे. त्यांच्या उशाशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई नळी तपासत होत्या.

काकांनी बोट बाटलीकडे केलं. तोंड उघडलं. नाव येईना.

"ट्रॅक्टर!" ते ओरडले. "ट्रॅक्टर, ट्रॅक्टर आहे!"

मोठ्या सिस्टरना वाटलं, काकांना झटका आलाय. पण टेबलावरून वहिनींनी मान उचलली.

"हो! तेच हो ते! मी सकाळपासून सांगतेय!"

भूलवाल्या बाई शांतपणे पुढे आल्या. त्यांनी सिस्टरच्या हातातली बाटली घेतली, फिरवून तिच्यावरचं नाव वाचलं. ओठांतल्या ओठांत वाचलं, मग सावकाश मोठ्याने. "सेफ्-ट्रायॅक्-सोन." त्यांनी काकांकडे बघितलं. "कागदावर सल्फा आहे."

"कागद खोटा आहे, मॅडम."

"तुम्ही तर सोमवारी सांगितलंत, तपासलं म्हणून," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

काका भिंतीला टेकले. गुडघ्यातून रक्त पायजम्यात उतरत होतं. "तपासलं होतं," ते म्हणाले. "वाचलं नव्हतं."

बाईंनी बाटली बाजूच्या ताटलीत ठेवली. टक्, एवढाच आवाज झाला. मग त्या सिस्टरना म्हणाल्या, "दुसरं काढा. आणि यांना बाहेर बसवा, पडतील." कुणी रागावलं नाही. रागावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. काका बाहेर बाकावर जाऊन बसले. ती बाटली अजून दोनदा हलवली असती तर? लिफ्टची वाट बघत बसलो असतो तर? खुर्चीला टेकून हुश्श केलं तेवढाच वेळ आणखी बसलो असतो तर? विचार करायचा नाही म्हटलं तरी तो येत होता.

ऑपरेशन झालं. नीट झालं. तीनच्या सुमाराला वहिनी पूर्ण शुद्धीवर आल्या. घसा बसलेला, ओठ कोरडे, पण ओठांचा रंग गुलाबी. काका कितीतरी वेळ त्या ओठांकडेच बघत होते.

"काय बघताय एवढं? जेवलात का?"

काकांना रडू आलं. सत्तरीच्या बाईसमोर छप्पन्न वर्षांचा माणूस लहान पोरासारखा रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

"माफ करा वहिनी. तुम्ही सांगत होतात आणि मी हसलो."

"हसण्यासारखंच होतं ते," त्या कुजबुजल्या. मग म्हणाल्या, "मी नाव पाठ केलं असतं हो भावजी. तुम्हाला तीसपर्यंत पाढे शिकवले, मला एक नाव जड होतं का? तुम्हीच म्हणालात, डोक्यात ठेवू नका, फाइलमध्ये आहे."

काकांनी खिशातून पेन काढलं. वहिनींच्या उघड्या मनगटापुढे रुग्णालयाचा एक कोरा कागद धरला, एकेक अक्षर मोठं काढलं. "म्हणा. सेफ्."

"सेफ्."

"ट्रायॅक्."

"ट्रॅक्टर," वहिनी म्हणाल्या आणि टाके दुखले म्हणून हसता हसता थांबल्या. पण काकांनी ते नाव त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. पाच वेळा. काकांनी चुका काढल्या तशा सुधारल्याही.

चार वाजता काका खाली आले. खोलीत मोठ्या सिस्टर त्यांच्या खुर्चीवर बसून होत्या, समोर पडदा, पडद्यावर तो बेवारस फोल्डर.

"काका, एक फाइल तुमच्या वहिनींची. बाकीच्या तीन कुणाच्या?"

हाच प्रश्न जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीवर काकांनी स्वतःला विचारला होता. चौथ्या फाइलीत लिहिलं होतं: *ॲस्पिरीन. दमा उसळतो.* कुणाचा दमा? पहिलीत तर नुसते चौकोन. कुणाच्या तरी जिवाची ओळ त्या चौकोनांत होती आणि ती आता जगात कुठेच उरली नव्हती. कागद रद्दीत गेले होते. नक्कल त्यांनीच स्वतःच्या हाताने पुसली होती. आणि ज्यांच्या त्या ओळी, त्यांच्या नंबरावर आता दुसऱ्याच कुणाचं औषध होतं, शुद्ध, नीटनेटकं, जागच्या जागी.

"तुमच्या त्या तपासणीला विचारा ना, कुठल्या फाइली बिघडल्यात," सिस्टर म्हणाल्या.

"ती म्हणते, एकही नाही."

अशा फाइली असलेले सहाशे बारा पेशंट होते. सिस्टरनी यादी छापली आणि अर्धी काकांकडे सरकवली. दोघांनी ठरवलं, फाइलींवर विश्वास नको, माणसांनाच विचारायचं. प्रत्येकाला फोन करून विचारायचं, तुम्हाला कुठलं औषध सोसत नाही? उत्तर ऐकायचं, मगच फाइल उघडून ताडून बघायची. पहाट होईपर्यंत लागलं तरी चालेल, उद्याचा दिवस लागला तरी चालेल.

काकांनी पहिला नंबर फिरवला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज मोकळा, मागे कुणीतरी भांडी घासत होतं. काकांनी रुग्णालयाचं नाव सांगितलं आणि पेन हातात घेऊन विचारलं, "ताई, तुम्हाला एखाद्या औषधाचा त्रास होतो का? कुठल्या?"

"होतो तर!" बाई म्हणाल्या. "एकदा मरता मरता वाचले होते मी."

"नाव सांगता का औषधाचं?"

"नाव?" बाई हसल्या. "नाव कुठलं लक्षात राहायला! ते तुमच्याकडे फाइलमध्ये आहे की."